पुरावा नाही, म्हणजे नक्की काय?

तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा का? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, आधी स्वतःची श्रद्धा, मग बाप्तिस्मा. तुमचा विषय धर्म नसला तरी यावरचा एक वाद जरूर वाचा.

जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी १९५८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं, की ही प्रथा अगदी सुरुवातीपासून होती. १९६१ मध्ये कुर्ट आलांड यांनी उत्तर दिलं: साधारण इ.स. २०० च्या आधी तिचा खात्रीचा पुरावा नाही. गंमत म्हणजे दोघांसमोर मजकूर तेच! 'प्रेषितांची कृत्ये'च्या १६ व्या अध्यायात लुदिया आणि तिच्या घरच्यांचा बाप्तिस्मा होतो. येरेमियास म्हणतात, 'घरचे' यात मुलंही आलीच. पण त्या घरात तान्हं बाळ होतं, असं कुठे लिहिलंय? इथे गृहीतकच निष्कर्ष बनून बसतं.

आलांडही एके ठिकाणी घसरतात. २०० च्या सुमारास टर्टुलियन लिहितो, की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको. त्यावरून आलांड म्हणतात, प्रथा तेव्हा नवीच असणार. पण विरोधावरून प्रथा होती एवढंच कळतं. तिचं वय कळत नाही.

तरी पद्धत म्हणून मला आलांड जास्त पटतात. ते स्वतः लुथरन, बाळांच्या बाप्तिस्म्याचे समर्थक. पण ते समर्थन त्यांनी धर्मशास्त्राच्या आधारे केलं, इतिहासाच्या तोंडी घातलं नाही. 'काय होतं' आणि 'काय असावं' हे दोन प्रश्न तुमच्या प्रस्तावात वेगळे आहेत ना? एकदा तपासा.