फहाद फासिल : पडलेला हिरो, उभा राहिलेला नट

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला मल्याळम येवो न येवो, मल्याळी माणसं त्याच्या आयुष्यात येतातच. ऑफिसच्या अकाउंट्समध्ये, दवाखान्यात सिस्टर म्हणून, खालच्या कॅफेटेरियात करक चहा देणारा इक्का म्हणून. आमच्या घरात मल्याळम सिनेमा शिरला तो समोरच्या फ्लॅटमधल्या चेचींमुळे. ओणमला पायसम आणि त्याच्याबरोबर एखादी डीव्हीडी, असा त्यांचा शिरस्ता होता. दिवाळीला आमच्याकडून चकल्यांच्या डब्याबरोबर 'श्वास' गेला. या देवाणघेवाणीतून मला जे नट भेटले, त्यांतला एक मी बारा-तेरा वर्षं पाठपुरावा केल्यासारखी बघत आले आहे. तो म्हणजे फहाद फासिल. 'पुष्पा'मधला टकल्या पोलीस अधिकारी म्हटलं की आपली मुलं लगेच ओळखतील. पण तो फहाद या लेखात अगदी शेवटी, आणि तोही थोडक्यातच येणार आहे.

फहादचा जन्म १९८२ चा, केरळमधल्या आलप्पुळा गावचा. वडील फासिल हे मल्याळमधले मोठे दिग्दर्शक. मोहनलालला १९८० मध्ये प्रेक्षकांसमोर आणलं ते त्यांनीच. त्यांचा १९९३ चा 'मणिचित्रताळ' आपण आडवळणाने सगळ्यांनी पाहिलेला आहे, कारण २००७ चा हिंदी 'भूलभुलैया' त्याच्यावरूनच केला होता. अशा घरातला मुलगा २००२ मध्ये, जेमतेम विशीत, 'कैयेत्तुम दूरत्त' या चित्रपटात हिरो म्हणून आला. दिग्दर्शन वडिलांचंच. चित्रपट सपशेल आपटला. घराणेशाहीच्या नावाने बोटं मोडायला लोकांना आयतं निमित्त मिळालं. त्यावर मुलाने जाहीरपणे सांगितलं की वडिलांना दोष देऊ नका, तयारी न करता आलो ही माझीच चूक. आणि तो शिकायला अमेरिकेला निघून गेला. पुढची सुमारे सात वर्षं तो पडद्यावर दिसला नाही.

हिंदीत अशा मुलाला दुसरी संधी मिळते, तिसरी मिळते, पाचव्या चित्रपटापर्यंत आपल्यालाच त्याची सवय होऊन जाते. फहादला परत येताना वडिलांच्या नावाचा उपयोग झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ओळखीचं दार लवकर उघडतं. पण तो कुठल्या दारातून आत आला ते बघा. २००९ चा 'केरळ कॅफे' म्हणजे दहा दिग्दर्शकांच्या दहा छोट्या गोष्टी, त्यांतल्या एका गोष्टीत तो होता. त्यानंतरही अशीच लहानसहान कामं. डोक्यावरचे केस विरळ होत चालले होते, उंची बेताची. हे लपवायची धडपड त्याने केली नाही.

मग २०११ मध्ये समीर ताहिर यांचा 'चाप्पा कुरिशु' आला. चाप्पा कुरिशु म्हणजे आपला छापा-काटा. एका श्रीमंत बांधकाम व्यावसायिकाचा मोबाइल हरवतो, त्यात कुणी बघू नये अशी चित्रफीत आहे, आणि फोन सापडतो तो दुकानात राबणाऱ्या एका गरीब, भेदरट मुलाला. फहाद तो श्रीमंत माणूस झाला होता. त्याच्या वाट्याला सहानुभूतीचा एकही प्रसंग नव्हता आणि त्याने तो मागितलाही नाही. पुढच्या वर्षी, २०१२ च्या उन्हाळ्यात, दोन चित्रपट पाठोपाठ लागले. आशिक अबू यांच्या '२२ फीमेल कोट्टयम'मध्ये तो एका नर्सला प्रेमात पाडून फसवणारा गोड बोलका मुलगा होता. रीमा कल्लिंगलने साकारलेली ती नर्स त्याचा जो सूड घेते तो इथे सांगण्यासारखा नाही. आणि लाल जोस यांच्या 'डायमंड नेकलेस'मध्ये तो दुबईतला डॉक्टर होता, क्रेडिट कार्डांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला आणि त्यातून सुटायला एका आजारी मुलीचा हिऱ्यांचा हार लांबवणारा. सांगा, कुठला होतकरू तरुण नट सुरुवातीलाच अशा भूमिका ओळीने घेईल? एकदा हिरो म्हणून पडून झाल्यावर त्याला बहुधा पडण्याची भीती उरली नव्हती. हिरो होण्याची हौस त्याने २००२ मध्येच सोडली, आणि त्याची खरी कमाई तिथून सुरू झाली असं माझं मत आहे.

सगळे त्याच्या डोळ्यांचं कौतुक करतात. डोळे बोलके आहेतच. पण मला त्याचे कान जास्त महत्त्वाचे वाटतात. समोरचा बोलत असताना हा नट खरोखर ऐकतो. आपल्याकडचा चांगला नट बहुतेक वेळा नाटकातून आलेला असतो. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची त्याला सवय असते, आणि कॅमेऱ्यासमोरही समोरच्याचं वाक्य संपायची तो वाट बघतोय हे जाणवत राहतं. फहादचं तसं होत नाही. वाक्य ऐकून त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ येतो, मग तो गिळला जातो, मग उत्तर येतं. कधी येतही नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे २०१६ चा 'महेषिन्टे प्रतिकारम'. आपला 'प्रतिकार' वेगळा, मल्याळममध्ये 'प्रतिकारम' म्हणजे सूड. पण सूडाच्या नावाखाली दिग्दर्शक दिलीश पोत्तन यांनी इडुक्कीच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या फोटो स्टुडिओवाल्याची गोष्ट सांगितली आहे. हा महेष भर चौकात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मार खातो आणि त्या माणसाला परत मारल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही अशी शपथ घेतो. लेखक श्याम पुष्करन यांच्या गावाकडे घडलेल्या एका खऱ्या घटनेवर हे बेतलेलं आहे. आता गंमत अशी की मारणारा माणूस तोवर नोकरीसाठी दुबईला निघून जातो! सूडसुद्धा आखातातल्या माणसाच्या सुट्टीसाठी खोळंबतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

त्या अनवाणी महिन्यांत महेषचं खरं आयुष्य घडतं. प्रेयसी दुसरीकडे लग्नाला उभी राहते. एक मुलगी फोटो काढायला येते आणि फोटो वाईट आलाय असं तोंडावर सांगते. इथे फहादचा चेहरा बघण्यासारखा आहे. मार खाल्ला तेव्हा नव्हता दुखावला इतका तो आता दुखावतो, कारण मारामारी काही त्याचा धंदा नव्हता, फोटो हा आहे. वडील उत्तम फोटोग्राफर होते आणि आपण नुसतं 'मान वर, हनुवटी खाली' म्हणत पासपोर्टचे फोटो काढत राहिलो, हे त्याला उमगतं. मग तो पहिल्यांदा नीट बघायला शिकतो. शेवटी ती मारामारी होते, तीही दमलेल्या दोन साध्या माणसांची. हिंदी चित्रपटात नायक असा धापा टाकत लढला तर लोक पैसे परत मागतील.

पुढच्या वर्षी पोत्तन यांनीच 'तोंडिमुतलुम दृक्साक्षियुम' केला. मराठीत सांगायचं तर 'मुद्देमाल आणि साक्षीदार'. बसमध्ये एका बाईच्या गळ्यातली सोन्याची साखळी चोर हिसकतो आणि पकडला जाताच गिळून टाकतो. मग अख्खं पोलीस ठाणं त्याला केळी खायला घालत मुद्देमालाची वाट बघत बसतं. चोराला नाव विचारलं तर तो साखळीवालीच्या नवऱ्याचंच नाव सांगतो. फहादचा हा चोर खोटं बोलतो तेव्हाही आपल्याला त्याचं पटतं, आणि खरं बोलतो तेव्हा शंका येते. तो कुठून आला, घरी कोण आहे, काही कळत नाही. भूक तेवढी खरी आहे. या कामाबद्दल त्याला सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि २०१९ चा 'कुंबळंगी नाइट्स'. त्यातला शम्मी सासुरवाडीला राहायला आलेला जावई आहे. नीटनेटका, हसतमुख, मिशीची निगा राखणारा. आरशाला बायकांनी चिकटवलेली टिकली तो रेझरने खरवडून काढतो. बास, इतकंच. आपल्या कुणाच्या घरातल्या आरशावर अशी टिकली नाही? ती खरवडताना त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नसतो, उलट समाधान असतं, आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. माझ्या सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या होत्या. भाषेचा गंध नसताना अर्ध्या तासात त्या म्हणाल्या, "हा जावई चांगला नाही गं. फार गोड बोलतोय." शेवटाकडे दिग्दर्शकाने शम्मीला उघडउघड वेडसर केलं आहे, ते मला पटलं नाही. घरातल्या बायकांवर अशी सत्ता गाजवणारे पुरुष वेडे नसतात, हेच तर तोवर चित्रपट सांगत होता. फहाद शेवटापर्यंत तो तोल सांभाळतो, पटकथा मात्र सांभाळत नाही.

हे सगळं एकट्या नटाचं कर्तृत्व नाही. '२२ फीमेल'च्या लेखकांत पुष्करन होते, पोत्तन तेव्हा अबूंचे सहायक होते, पुढे 'महेष'चे निर्माते अबूच झाले, 'कुंबळंगी' आणि २०२१ चा 'जोजी' यांत स्वतः फहादने निर्माता म्हणून भाग घेतला. मित्रांचा एक कट्टा दहा वर्षं टिकला आणि नट त्यात मोठा होत गेला. आपल्याकडे 'वळू' (२००८) आणि 'देऊळ' (२०११) करणाऱ्या उमेश आणि गिरीश कुलकर्णींनी तशी आशा दाखवली होती. तो कट्टा आणखी दहा वर्षं भरायला हवा होता असं मला फार वाटतं.

दुसरी रुखरुख आपल्या, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या, हक्काची आहे. 'डायमंड नेकलेस'मधला कर्जबाजारी डॉक्टर दुबईतला. २०१७ च्या 'टेक ऑफ'मध्ये इराकमधल्या तिक्रीतला २०१४ साली अडकलेल्या भारतीय नर्सेसची कथा आहे, फहाद त्यात राजदूत आहे. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर चित्रित केलेला 'सी यू सून' (२०२०) पुन्हा अमिरातीत अडकलेल्या एका मुलीभोवती फिरतो. व्हिसा, हप्ते, एजंट, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, ही आपली रोजची भाषा तिथल्या पडद्यावर सहज बोलली जाते. मराठी सिनेमात परदेश म्हणजे बहुधा गाण्याची जागा, नाहीतर म्हाताऱ्या आईबापांना विसरलेला मुलगा. इथे बेडस्पेस घेऊन राहणाऱ्या आणि महिन्याच्या एक तारखेला एक्स्चेंजसमोर रांग लावणाऱ्या मराठी पोराला अजून त्याचा फहाद मिळालेला नाही.

आता 'पुष्पा'. २०२१ चा पहिला भाग आणि २०२४ चा दुसरा, दोन्हींत या नटाकडून डोळे वटारणं आणि किंचाळणं एवढंच घेतलं आहे. त्या चित्रपटाने नट म्हणून आपल्याला काही दिलं नाही, असं तो स्वतःही बोलून गेला आहे. मोठा आवाज त्याला जमत नाही असं मात्र नाही. २०२४ च्या 'आवेशम'मध्ये सोन्याने मढलेला बंगळुरूचा दादा रंगा त्याने असा रंगवलाय की हसूनहसून पुरेवाट होते, आणि मधेच लक्षात येतं की या दांडग्या माणसाला कॉलेजच्या तीन पोरांची दोस्ती हवी आहे, बस्स. तिथे आरडाओरड्याला आतून एकटेपणाचा आधार आहे. 'पुष्पा'त तो आधार लिहिलेलाच नाही.

बघायचंच झालं तर 'महेष'पासून सुरुवात करा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं असा आहे. त्यानंतर २०१३ चा 'नॉर्थ २४ काथम': स्वच्छतेने पछाडलेला एक संगणक अभियंता हरताळाच्या दिवशी दोन अनोळखी माणसांबरोबर प्रवासात अडकतो. 'चाप्पा कुरिशु' आणि '२२ फीमेल' मुलं झोपल्यावर. सबटायटल्स इंग्रजीत असतात, तेव्हा भारतातून आई-बाबा आलेले असतील तर कुणाला तरी शेजारी बसून सांगावं लागेल. आमच्याकडे ते काम मुलगी करते. शाळेच्या बसमध्ये मैत्रिणींकडून ती इतकं मल्याळम शिकली आहे की हल्ली चेची तिलाच फोन करून नवीन चित्रपट कुठे लागलाय ते सांगतात.