बंद दार आणि तात्पर्य

दोन-तीन वर्षांच्या मुलास गोष्ट कशासाठी सांगावयाची, या प्रश्नाचे आपल्याकडील उत्तर ठरलेले आहे: चांगले वळण लागावे म्हणून. हे उत्तर इतके सर्वमान्य झाले आहे, की शेवटी 'तात्पर्य' छापलेले नसेल तर गोष्टीचे पुस्तक आपणांस अपुरे वाटते. आम्हांस मात्र या तात्पर्याविषयीच शंका आहे. इतर सद्गुण त्या वाटेने येत असतील तर येवोत. करुणा त्या वाटेने येत नाही, असे आमचे मत आहे.

ही तात्पर्याची परंपरा जुनी, आणि योगायोगाने महाराष्ट्राबाहेरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत आल्या. पुढे पंचतंत्र आणि हितोपदेश यांचीही भाषांतरे झाली. या ग्रंथांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्यांचा विषय शहाणपण हा आहे. पंचतंत्र तर राजपुत्रांस व्यवहारनीती कळावी म्हणून सांगितले गेले. त्यातील माकडाने फसविलेला मगर हसण्यासाठी आहे, कणव येण्यासाठी नव्हे.

याउलट मराठी मूल जी गोष्ट सर्वांत आधी ऐकते, ती मुख्यतः तोंडीच चालत आली आहे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते, आणि तो चिऊच्या दाराशी येऊन उभा राहतो. चिऊ बाळाला न्हाऊ घालीत असते, मग पावडर लावीत असते, मग निजवीत असते. दार काही उघडत नाही. शेवट घरोघर निराळा: कोठे काऊ अखेर आत येतो आणि चटका खाऊन पळतो, कोठे तो बाहेरच राहतो. वडीलधाऱ्यांनी यावर 'आळशाची फजिती' असे तात्पर्य चिकटविले आहे. वस्तुतः गोष्टीत काऊच्या आळसाचा पुरावा कोठेही नाही. त्याचे घर शेणाचे होते, एवढेच आपणांस ठाऊक आहे.

या गोष्टीचे सामर्थ्य आहे ते पुनरुक्तीत. पहिल्या 'थांब'ला मूल हसते, दुसऱ्याला तेही चिऊबरोबर 'थांब' म्हणते. पुढे केव्हातरी ते गप्प होते आणि विचारते, "काऊ भिजला?" आमच्या मते गोष्ट येथे सफल झाली. दाराच्या आत बसून ऐकणारे मूल मनाने दाराबाहेर गेले. या क्षणी सांगणाऱ्याने 'म्हणून आळस करू नये' असे म्हटले, की ते पुन्हा आत ओढले जाते आणि भिजणाऱ्याचा दोष काढावयास शिकते.

अलीकडील संशोधनही विचारात घेण्याजोगे आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'लांडगा आला रे आला' ही शिक्षेने संपणारी गोष्ट ऐकून मुलांचे खोटे बोलणे कमी झाल्याचे दिसले नाही. खरे बोलणाऱ्याचे कौतुक करणारी गोष्ट ऐकून मात्र झाले. कॅनडात 2017 सालच्या दुसऱ्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांवर प्राण्यांच्या गोष्टीपेक्षा माणसांच्या गोष्टीचा परिणाम अधिक झाला. माणसांची गोष्ट ऐकलेली मुले आपली वस्तू वाटून देण्यास अधिक तयार झाली. हा दुसरा निष्कर्ष आमच्या काऊला प्रतिकूल आहे, हे मान्य केले पाहिजे. काऊपासून माणसापर्यंतचा पूल मूल आपोआप ओलांडील असे नाही. कोणीतरी हात धरावा लागतो.

तो कसा धरावा, हे साने गुरुजींनी दाखविले. 1935 साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' तान्ह्यांसाठी नाही. तिची भावविवशता अनेक समीक्षकांस खटकली, ती आम्हांसही कोठे कोठे खटकते. परंतु तिच्यातील आई बोलते ती घडलेल्या प्रसंगावर: खुडलेल्या कळ्यांवर, मोळी उचलू न शकणाऱ्या म्हातारीवर. गिजुभाई बधेका यांनीही गोष्ट आनंदासाठी सांगावी, उपदेशासाठी नव्हे, असा आग्रह धरला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा तो विचार महाराष्ट्रात रुजविला.

कोणी म्हणेल, चिऊकडून मूल दार लावणेच शिकले तर? म्हणून हल्ली काही जण चिऊला पहिल्या हाकेलाच दार उघडावयास लावतात. हे आम्हांस पसंत नाही. दार लगेच उघडले तर मुलाने काळजी कोणाची करावयाची? शेवटी चिऊने दार उघडावे, अवश्य उघडावे; पण मुलाने सांगितल्यावर.

दिल्लीत प्रश्न आहे तो हे सांगणाऱ्या माणसाचा. आजी गावी, आईवडील कचेरीत, मूल पाळणाघरात. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मराठी बालपुस्तके मिळतात, दूरध्वनीच्या पडद्यावर तर हवी तितकी चिऊकाऊ नाचतात. पण पडदा मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही. आणि येथे काऊ शोधावयास दूर जावे लागत नाही. पौषाच्या थंडीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेबाहेर रुग्णांचे नातलग पदपथावर पांघरुणे घेऊन झोपलेले असतात. मोटारीच्या बंद काचेतून ते मुलाला दिसतात. त्याने काही विचारलेच, तर 'तिकडे बघू नको' हे उत्तर म्हणजे पुन्हा चिऊचेच 'थांब'.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मेजासमोर दिवसभर कोणी ना कोणी अर्ज घेऊन उभा असतो. 'थांबा' या शब्दाची सवय आपणांस निराळी सांगावयास नको. म्हणून रात्री दहा मिनिटे ही गोष्ट आपण स्वतः, मराठीतून, पुस्तक मिटून सांगावी. दाराशी आल्यावर थोडे थांबावे, मूल काय म्हणते ते ऐकावे. प्रकाशकांनीही पुढील आवृत्तीत तात्पर्याची ओळ गाळून ती जागा कोरी सोडावी, अशी आमची सूचना आहे.