'कोणाकडे आलात?' : सुटी, शहर आणि आपले साहित्य

मराठी साहित्यात 'दिवाळीची सुटी' हा शब्द फार निरागसपणे वापरला जातो. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी पांढरपेशा वर्गाची दिवाळी अंकांनी साजरी होते आणि त्या अंकांतल्या ललित लेखांत एक ठरलेला प्रवास असतो : शहरातले मूल गावाकडे जाते. तेथे मामाचा वाडा, परसातली विहीर, माजघरात फराळाचे डबे. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या बालगीताने तर मामाच्या गावाला जाणे ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाची आठवण ठरवून टाकली. ज्याचा मामा गावात सालदार होता, किंवा गावातच नव्हता, त्या मुलानेही शाळेत ते गीत पाठ केले आणि तोंड भरून म्हटले. त्या गीताचा दोष नाही. दोष आहे तो त्या प्रवासाला 'मराठी माणसाचा' प्रवास म्हणणाऱ्या समीक्षेचा.

आमचा प्रवास उलट दिशेचा आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातला, शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीचा. (या नावाच्या गावातून येऊन अशा नियतकालिकात लिहिणे हा योगायोग आहे, त्या नावाकडे पुढे यायचेच आहे.) आमच्याकडचा मामा सुरतेला असतो. मुंबई आमच्यासाठी मंत्रालयाची, पुणे स्पर्धा परीक्षेचे. पोटापाण्याचे शहर म्हणजे सुरत. शहाद्याहून प्रकाशाचा पूल ओलांडून नंदुरबार, तेथून तापी खोऱ्यातून जाणारी रेल्वे, आणि उतरायचे ते बहुधा सुरत स्टेशनवर नव्हेच, त्याच्या आधीच्या उधन्याला. हा फाटा तेथेच मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत खानदेश इतका आहे की रस्त्यावर अहिराणी ऐकू येते आणि सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात.

या प्रवासाचे वेळापत्रकही वेगळे आहे. यंत्रमाग दिवाळीत बंद होतात आणि मामाच गावाकडे येतो. लाभपंचमीनंतर खाती उघडतात, माग सुरू होतात, तेव्हा तो परत निघतो आणि भाचा उरलेल्या सुटीसाठी त्याच्याबरोबर जातो. म्हणजे पाहुणा पोचतो तेव्हा शहराची सुटी संपलेली असते. त्याला दिवाळीची सुरत दिसत नाही, कामावर गेलेली सुरत दिसते. मामा बारा तासांच्या पाळीवर असतो. मजुरी कापडाच्या मीटरवर, त्यामुळे माग बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई या दिवसांत काढायची असते. 'सुटी' हा पगारदाराचा शब्द आहे. मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या भाषेत त्याला 'खाडा' म्हणतात.

आता वाङ्मयाकडे येतो. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 साली आला. दलित कथेचा आरंभ म्हणून आपण तो शिकवतो. पण संग्रहाला नाव देणारी ती कथा मुंबईत घडत नाही, नाशिकच्या खेड्यातही घडत नाही. ती सुरतेजवळच्या उधन्यात घडते, याकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. दलित कथेच्या त्या पहिल्या मोठ्या स्फोटाची जागा म्हणजे आमच्या पाहुण्यांचे स्टेशन. रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण कवी तेथे येतो. त्याला काम मिळाले आहे, राहण्याची सोय मात्र व्हायची आहे. रणछोड नावाचा सहकारी त्याच्यावर लोभ करतो, परंतु जातीचा प्रश्न येतोच. आणि त्या वेळी हा तरुण मुंबईच्या नावाआड उभा राहतो : मी मुंबईकर, मला जात काय विचारता? त्याच आवारात काशीनाथ सकपाळ आहे, जो आपली जात लपवत नाही आणि त्यापायी रोज लढतो. अखेर चोरी उघडकीला येते, मार बसतो, आणि सोडवायला धावतो तो हाच काशीनाथ.

या कथेवर लिहिणारे बहुतेक सारे शेवटच्या मारहाणीपाशी थांबतात. विद्रोह, संताप, मनूवरचा घाव हे सारे त्यात आहेच. मला मात्र तिच्या आरंभाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. या तरुणाला उधन्यात एकही नातेवाईक नाही. असता, तर कथा घडलीच नसती. त्याने स्टेशनवरून थेट मामाची खोली गाठली असती, मामीने भाकरी वाढली असती आणि 'तुम्ही कोण?' हे विचारायची कोणाला गरज पडली नसती. कारण तो कोणाकडे उतरला यावरूनच तो कोण हे अख्ख्या गल्लीला कळले असते.

शहरातल्या वस्तीत नवखा चेहरा दिसला की ओट्यावर बसलेला माणूस अगदी प्रेमाने विचारतो, "कोनाकडे उनात, भाऊ?" ग्रामीण माणसाची आपुलकी म्हणून आपले ललित लेखक या प्रश्नाचे कौतुक करतात. आपुलकी आहेच. पण रणछोडचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच पोटचे आहेत. पहिला नवख्याला विचारतात, दुसरा पाहुण्याला. पाहुण्याने यजमानाचे नाव सांगितले की आडनाव, गल्ली, जात सारे एका श्वासात सांगून होते. एवढ्यावर भागले नाही तर गाव विचारतात. येथे माझ्या गावाचे नाव मोठी गंमत करते. 'ब्राह्मणपुरी' म्हटले की विचारणारा क्षणभर बुचकळ्यात पडतो, स्वर थोडा बदलतो, आणि मग सावरून पुढचा प्रश्न येतो : "गावात कुठे?" बागुलांच्या नायकाला मुंबईचे नाव जेवढा वेळ झाकू शकले, त्याहून कमी वेळ आमच्या गावाचे नाव आम्हाला झाकते.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बागुलांच्या नायकापुढचा खोलीचा प्रश्न आमच्या लोकांनी आपल्या परीने सोडवला. एक आला, त्याने दुसऱ्याला आणले, त्याने मेहुण्याला. भावकीच्या भोवती भावकी राहिली आणि खोली मागताना जात सांगायची वेळ टळली. पण टळली ती अशी की गावकुसाबाहेरची वस्ती गाडीत बसून शहरात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याचे जे वाभाडे काढले, त्याचा आधार घेऊन आपले समीक्षक शहराला मुक्तीची जागा म्हणतात. बाबासाहेबांचे खेड्याविषयीचे म्हणणे पूर्ण खरे आहे. त्यावरून शहराला दाखला देण्याची घाई समीक्षकांची आहे. गाव सोडणे आणि गावची रचना मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुटीतला पाहुणा नेमका या दोहोंमधल्या अंतरात जेवायला बसलेला असतो.

बागुल स्वतः याचे साक्षीदार होते. नाशिकजवळच्या विहितगावात 1930 साली जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी मुंबईत मावशीकडे, माटुंगा लेबर कॅम्पात राहायला आला. नातेवाइकाच्या खोलीतून त्यांनी शहर पाहिले. पुढे सुरतेत रेल्वेची नोकरी करताना जात लपवून राहणे असह्य झाले आणि त्यांनी ती सोडली. मावशीच्या आधाराने राहिलेल्या माणसाने नातेवाईक नसलेल्या माणसाची कथा लिहिली. आधार म्हणजे काय हे ठाऊक असल्यावाचून निराधारपण असे लिहिता येत नाही.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) ही बाजू अधिक सविस्तर येते. त्यातला कावाखाना म्हणजे नातेवाइकांनी भरलेली मुंबई. गोदीत राबणारे पुरुष, भंगार-चिंध्या वेचून पोट भरणाऱ्या बायका, आडोसे घालून विभागलेल्या खोल्या. एकीकडे अकोले तालुक्यातले धामणगाव आणि दुसरीकडे कावाखाना, असे ते मूल सारखे हेलकावे खाते. या पुस्तकावर प्रस्थापितांनी आणि आपल्यातल्या काहींनीही आक्षेप घेतला की घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या. मला उलट वाटते. दया पवारांनी शहरातले घर आतून दाखवले म्हणूनच पाहुण्याला शहर केवढ्याला पडते हे वाचकाला कळले. वामन होवाळांची 'मजल्याचं घर' ही कथा हाच प्रवास परतीच्या दिशेने नेते : मुंबईच्या गोदीत आयुष्य घालवलेला माणूस कमाई घेऊन गावी येतो, मजल्याचे घर बांधू पाहतो आणि गाव ते जाळते. शहरातला नातेवाईक जोवर पाहुणा म्हणून येतो तोवर गाव त्याच्या टेरिकॉटच्या शर्टाकडे पाहून हसते. तो कायमचा आला की मात्र पेटते.

एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. पाहुणा जेवतो ते शिजवते कोण? आपल्या पुरुष लेखकांच्या शहरात मामा आहे, मामी जवळपास नाही. सुरतेच्या खोलीत मामी दिवसभर साड्यांना खडे आणि लेस लावते, नगावर. साड्यांचा गठ्ठा कोपऱ्यात असतो, त्याच्याच शेजारी पाहुण्याची वळकटी. भाचा आला म्हणजे चार दिवस तिचे नग कमी भरतात. ती ते बोलत नाही. बाजरीच्या भाकरीवर थोडा जास्त ठेचा वाढते आणि रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा सुई हातात घेते. 2003 साली आलेल्या 'आयदान'ला उर्मिला पवारांनी आईच्या टोपल्या विणण्याचे नाव दिले, तेव्हा कोठे घर हा कारखानाही असतो हे आपल्या समीक्षेच्या ध्यानात आले. दिवाळीच्या पाहुणचाराचा हिशेब या बाजूने कोणी लिहिला तर आतिथ्य या शब्दावर उभे असलेले निम्मे मराठी ललित साहित्य कोसळेल.

आमच्या समाजात दिवाळी करावी की करू नये हा वाद 14 ऑक्टोबर 1956 नंतर घराघरात झाला. ज्यांनी सण सोडला त्यांच्याही मुलांना शाळेने सुटी दिवाळीचीच दिली. म्हणून शरदातला आमचा पहिला प्रवास नागपूरकडे, अशोक विजयादशमीला, आणि दुसरा नातेवाइकांकडे. पहिल्यावर आपण पुष्कळ लिहिले. दुसऱ्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा नाही, कारण त्यात घोषणा नाही.

आणि एक तिसरा प्रवास आहे. तो याच दिवसांत, याच रस्त्याने जातो आणि त्याला सुटी म्हणणे ही थट्टा ठरेल. दिवाळी सरता सरता खानदेशातली आदिवासी आणि दलित कुटुंबे बारडोलीच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मूल हिशेबात नाही, पण मोळी बांधायला त्याचे हात लागतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने 1978 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या तोडणी मजुरांची स्थिती मांडली. एक परदेशी माणूस आमच्या लोकांच्या पालात जाऊन लिहून गेला, आणि आपल्या ग्रामीण-दलित साहित्याच्या चर्चांत बारडोली अजूनही फक्त 1928च्या सत्याग्रहापुरती येते! आमच्या भागातला शिक्षक दिवाळीनंतर हजेरी घेतो तेव्हा काही नावांवर शांतता असते. विचारले तर शेजारचा मुलगा सांगतो, "मामाकडे गेलाय, सर." शिक्षकाला कळते तो कोणता मामा. हजेरीपुस्तकात 'गैरहजर' लिहितो.

शहरातले नाते किती कच्च्या दोरीवर असते हे दोनदा दिसले. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ जाहीर झाली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. आमच्याकडची थोरली माणसे सांगतात, त्या वर्षी दिवाळीआधीच मामा आला, पण त्याला कोणी मिठी मारली नाही. 2020च्या टाळेबंदीत माझ्या पिढीने तेच पाहिले. शहर विचारते 'कोणाकडे आलात?' आणि गाव विचारते 'कोठून आलात?' दोन्ही प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराआधीच अंतर ठरवायचे असते. या दोन प्रश्नांमधून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या माणसावर लिहिलेली कादंबरी मराठीत यायला हवी आणि ती आमच्या खानदेशातूनच यायला हवी. ती अर्धी अहिराणीत असेल, थोडी गुजरातीत असेल. प्रमाण मराठीच्या पहारेकऱ्यांना ती कळणार नाही, त्याची चिंता लेखकाने करू नये.

तरुण लेखकांना एक सुचवतो. आत्मकथनांची वाट आता मळली आहे. प्रत्येक जण आपल्या जन्मापासून सुरू करतो आणि पदवीपाशी संपवतो. त्याऐवजी सुटीतले आठ दिवस घ्या. एक खोली, एक मोरी, पाळीवरून आलेला मामा, नग मोजणारी मामी, पाहुण्याच्या पिशवीतली भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी. शहर जिंकून आलेल्या नायकापेक्षा ओट्यावर बसून शहर पाहणारा हा मुलगा जास्त पाहतो, कारण त्याला परत जायचे असते.

यंदा बी.ए.च्या वर्गात बागुलांची कथा शिकवताना मी विचारले, उधना कोणी पाहिले आहे? निम्म्याहून अधिक हात वर झाले. कोणाचा काका, कोणाची बहीण. मग एक मुलगा म्हणाला, "सर, त्यानं लिंबायतला खोली बघायला पाहिजे होती. आपले लोक आहेत तिथं." मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "तिथं पण आधी विचारतात, कोणाकडून आलात." त्यावर वर्गात बराच वेळ वाद चालला. तास संपला, तरी पोरे उठली नाहीत.