चरित्रकोशाची कालमर्यादा आणि वऱ्हाड

पं. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा भारतवर्षीय चरित्रकोश न चाळलेला संशोधक महाराष्ट्रांत विरळा. प्राचीन खंड १९३२ सालीं, मध्ययुगीन १९३७ सालीं व अर्वाचीन १९४६ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनीं १८७६ सालच्या प्राचीन ऐतिहासिक कोशानें जी पाऊलवाट पाडली, तिचा शास्त्रीबोवांनीं राजमार्ग केला. नानाविध व्यवसायांच्या माणसांस वर्णानुक्रमानें एका पंक्तीस बसविणें हें अल्प श्रमाचें काम नव्हे.

प्राचीन खंडाचा गुण असा कीं, त्यांत विधानासोबत ग्रंथ व स्थळ यांचा निर्देश येतो. प्रतिज्ञा अपुरी राहिल्यामुळें रुक्मी कुंडिनपुरास परतला नाहीं, भोजकटास राहिला, ही कथा कौंडण्यपूरचें लहान मूलहि सांगतें. परंतु ती महाभारतांत उद्योगपर्वीं आहे, असें दाखविणें हें कोशकाराचें कर्तव्य होय.

माझा आक्षेप पुढील दोन खंडांच्या सीमेवर आहे. मध्ययुगीन खंड १८१८ सालीं संपतो व अर्वाचीन तेथूनच आरंभतो. हें वर्ष पेशवाईच्या अस्ताचें; पुण्याच्या दृष्टीनें तो युगान्त खराच. वऱ्हाडचें युग मात्र त्यापूर्वींच पालटलें होतें. १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगड पडला, त्याच महिन्याच्या १७ तारखेस देवगांवचा तह झाला आणि नागपूरकर भोंसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील मुलुखावरील हक्क सोडला. आमचें गांव त्याच पश्चिम तीरावर. पुढें १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. येथील मनुष्याचें आयुष्य मोजावयाचें, तर हीं दोन वर्षें आधीं पाहिलीं पाहिजेत.

अंजनगांव-सुर्जीचे देवनाथमहाराज घ्या. त्यांचा काल १७५४ ते १८२१. शिंद्यांचा इंग्रजांशीं तह ३० डिसेंबर १८०३ रोजीं त्यांच्याच गांवीं झाला. अशा पुरुषास मध्ययुगीन म्हणावें कीं अर्वाचीन? जन्म प्रमाण मानावा, कार्य मानावें कीं मृत्यु? दुसरे बाजीराव १७७५ सालीं जन्मले व १८५१ सालीं ब्रह्मावर्तीं वारले. ज्यांच्या पदच्युतीनें ही सीमा पडली, त्यांचेंहि आयुष्य तिच्यांत मावत नाहीं. कोशास कोठें तरी छेद घ्यावाच लागतो, हें मान्य. परंतु तो सोयीचा आहे, इतिहासाचा नव्हे, एवढें प्रत्येक प्रांताच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवावें.

कारण ही केवळ अनुक्रमाची बाब नाहीं. राजधानीच्या वर्षांनीं काळ मोजूं लागलों, कीं राजधानीच्या दफ्तरांत पोंचला तोच प्रसिद्ध, असें नकळत ठरतें. मग खेड्यांतील वैद्य, कुळकर्णी, पोथ्या लिहिणारा ब्राह्मण यांस कोण शोधणार? मजजवळ एक जीर्ण पोथी आहे. तिच्या पुष्पिकेंत लेखकाचें नांव, गांव, शक व ती कोणाकरितां लिहिली, एवढें तीन ओळींत आलें आहे. त्या मनुष्याचें याहून दुसरें चरित्र मला कोठें आढळलें नाहीं. तिच्या जोडीस मिळालेल्या दुसऱ्या पोथीचें शेवटचें पान गेलेलें. तिचा लेखक कायमचा नाहींसा झाला.

म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या लीळा ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या, त्यांस विचारून ऋद्धिपुरास लीळाचरित्र सिद्ध केलें. तें ऋद्धिपूर आमच्याच जिल्ह्यांत आहे. चरित्रलेखनाची ही शिस्त वऱ्हाडास परकी नाहीं. ती आम्हींच सोडली.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति: पोथी हातीं येतांच प्रथम शेवटचें पान उतरून घ्यावें, ती कोणत्या घरून मिळाली तें त्याखालीं लिहावें आणि तो उतारा संशोधन-मंडळाकडे पाठवावा. शास्त्रीबोवांनीं एकट्यानें हा भार उचलला. आपण एकेक पान उचलावें.