टूल्मिन यांची युक्तिवादाकृती : सामर्थ्य व मर्यादा

स्टीफन टूल्मिन यांनी ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ (१९५८) या ग्रंथात युक्तिवादाची आकृती मांडली. हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन आहे, हे त्यांचे उदाहरण होय. येथे पुरावा व निष्कर्ष उघड असतात. त्यांना जोडणारा नियम मात्र गृहीत राहतो. आकृती त्या नियमाला, तसेच आईवडील दोघेही परकीय असण्याच्या अपवादालाही, स्वतंत्र स्थान देते. शंका नेमकी कोठे घ्यावी, हे विद्यार्थ्याला त्यामुळे कळते. परंतु नियम ग्राह्य का, हे आकृती ठरवीत नाही. येथे त्यासाठी नागरिकत्वाचा कायदाच पाहावा लागतो. म्हणून विषयज्ञानाविना केवळ चौकटी भरून घेणे म्हणजे विचार शिकविणे नव्हे.