वारसा आणि उंबरठा : 'द चेंजओव्हर'विषयी

आनुवंशिक शक्ती लाभलेल्या किशोरवयीन नायक-नायिकांच्या अद्भुतिकांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. वळलीच तर बालसाहित्याच्या पुरवणीत त्यांची नोंद करून मोकळी होते. त्यामुळे एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. सामर्थ्य रक्तातून येते असे गृहीत धरणारी संहिता जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाला नकळत मान्यता देते काय? जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न निव्वळ रचनातंत्राचा वाटणे शक्य नाही. न्यूझीलंडच्या लेखिका मार्गारेट माही (१९३६–२०१२) यांची 'द चेंजओव्हर' (१९८४) ही कादंबरी या संदर्भात मुद्दाम तपासण्याजोगी आहे. 'अतिमानुष रोमान्स' असे उपशीर्षक मिरवणाऱ्या या कृतीला ब्रिटनचे कार्नेगी पदक मिळाले होते.

चौदा वर्षांची लॉरा चँट घटस्फोटित आई केट आणि लहानगा भाऊ जॅको यांच्यासह उपनगरात राहते. कार्मोडी ब्राक नावाचा, इतरांच्या प्राणांवर जगणारा पुरातन जीव जॅकोच्या हातावर ठसा उमटवतो आणि मूल झिजू लागते. इस्पितळाला निदान सापडत नाही. लॉरा मदत मागते ती शाळेतल्या वरच्या वर्गातील सोरेन्सन कार्लाइलकडे. हा सभ्य, अडखळत बोलणारा मुलगा चेटूककुळातला आहे हे तिने केव्हाच ओळखलेले असते.

तोदोरोव्हने अद्भुताचा गाभा वाचकाच्या संभ्रमात पाहिला : घडते ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक? माही हा संभ्रम फार काळ टिकवतच नाहीत. आरशातील पूर्वसूचनेपासून लॉरा आणि वाचक दोघेही अतिमानुषाचे अस्तित्व मान्य करून बसतात. संभ्रम सरकतो तो दुसरीकडे : हे आईला कसे सांगावे? जाणणारी मुलगी आणि न मानणारी, तरीही प्रेमळ, आई यांच्यातील अंतर हेच या कादंबरीचे खरे भयस्थान होय. ब्राकपेक्षा मला ते अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

वारशाची मांडणी याहून गुंतागुंतीची आहे. कार्लाइल घराण्यात शक्ती स्त्रियांकडून स्त्रियांकडे जाते. मुलीच्या अपेक्षेत असलेली मिरियम मुलगा झाला म्हणून त्याला दुसऱ्या घरी वाढायला ठेवते. तेथे तो मार खातो. पुढे शक्ती प्रकटते ती नेमकी या नाकारलेल्या मुलात. इंग्रजीत त्याच्यासाठीही प्राधान्याने स्त्रीवाचकच मानला जाणारा शब्द योजला जातो. मराठीत 'चेटकीण' आणि 'चेटक्या' यांतून निवड करावी लागताच हा सूक्ष्म ताण नाहीसा होईल. म्हणजे येथे वारसा हे वैभव नसून जखम आहे. माहींच्या आधीच्या 'द हॉन्टिंग' (१९८२) मध्येही कुटुंबाचा जादूगार म्हणून बार्नीकडे बोट दाखवले जाते आणि शक्ती मात्र त्याच्या बहिणीत, ट्रॉयमध्ये, निघते. वारस ठरवताना घराणी चुकतात, हे माहींचे आवडते आशयसूत्र दिसते.

लॉरा तर वारसच नाही. तिला शक्ती मिळते ती स्थित्यंतराच्या विधीतून. व्हान गेनेपने १९०९ मध्ये वर्णिलेली विलगता, उंबरठा आणि पुनःप्रवेश ही त्रिपदी येथे जवळजवळ शब्दशः सापडते. शक्ती जन्माने नव्हे, संकटाच्या प्रसंगी केलेल्या निवडीने येते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्याचा मोह होतो. परंतु तो पुरता टिकत नाही. हा विधी कोणालाही साध्य नाही. लॉरा मुळातच 'संवेदी' आहे. पुढच्या दाराने घालवलेला जन्म मागच्या दाराने पात्रतेच्या रूपाने परततो. कर्णाची कवचकुंडले निदान काढून देता तरी येत होती.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. लॉराच्या वर्णात आणि केसांत पितृकुळाकडून आलेला पॉलिनेशियन वारसा निवेदन आवर्जून नोंदवते. तिच्या शक्तीचे सारे भांडार मात्र युरोपीय : लॅटिन नावाचे कार्लाइल-गृह, रोमन प्रेतकल्पनेतून आलेला खलपुरुष. एक वारसा देहावर थांबतो, दुसरा कथानक चालवतो. न्यूझीलंडच्या भूमीवर घडणाऱ्या कथेतील हे मौन लेखिकेचा हेतू म्हणून वाचता येत नाही; ते वसाहतीच्या इतिहासाचे मौन आहे.

तथापि ही कादंबरी शक्तीच्या वापराविषयी भाबडी नाही. लॉरा ब्राकला फसवून त्याच्याच हातावर स्वतःचा ठसा उमटवते, आणि त्याचे झिजणे लांबवण्यात तिला सुख वाटू लागते. क्षणभर ती त्याच्यासारखीच होते. ही क्रूरता तिला दाखवून देतो तो सोरेन्सन, ज्याला मार खाण्याचा अनुभव आहे. रोमान्सची परिणतीही मीलनात होत नाही : तो वन्यजीव खात्यात नोकरीला निघतो, ती शाळेत राहते, आणि शरीरसंबंधाची वेळ लॉरा स्वतःच पुढे ढकलते.