‘सिंहासन’ : अंजनवेलहून पाहताना

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली काढलेला ‘सिंहासन’ हा चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतील डावपेच अद्याप शिळे झालेले नाहीत. कामगारपुढारी डिकास्टा तर नावावरून आपल्यातलाच. त्याला संतही केलेले नाही, हे आम्हांस विशेष भावले.

तरीही एक उणीव सलते. येथे पैशाचे रूप मुख्यतः काळोखातले, तस्करीच्या वाटेवरचे आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पैसा आला तो भर उजेडात. दाभोळ वीज प्रकल्पाच्या संदर्भात भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर व पूर्वतयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्चल्याचे एन्रॉनच्या अधिकारी बाईंनी १९९५ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. (शिक्षण हा शब्द आम्ही आजवर शाळेपुरताच समजत होतो!) त्याच वर्षी युती सरकारने करार रद्द केला आणि १९९६ साली नव्या अटींवर तो पुन्हा मान्य केला. कोणी लाच घेतली, असे आमचे म्हणणे नाही. स्वदेशी हीच कंपनी रिपब्लिकन व डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांना राजरोस देणग्या देई. अशा पावतीच्या पैशाचे चित्रण ‘सिंहासन’मध्ये नाही, आणि अंजनवेलकरांना बाधला तो हाच पैसा.

चित्रपटाच्या शेवटी पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले व देणगीदारांची नावे मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. ती यादी दिगूच्या हाती पडायला हवी होती.